आजीच्या डब्यातले ६१२ चिंचोके

तिन्हीसांज

नमस्कार मंडळी. एक हिशेब अडलाय. पण आजी कशी होती ते कळल्याशिवाय तो उलगडायचा नाही, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

आजी गेल्या कार्तिकात गेली. वय नक्की कुणालाच माहीत नाही. "गांधींना मारलं त्या साली माझं लगीन झालं, तवा मी पंधरा-सोळाची आसंन," असं ती सांगायची. त्यावरून जन्म १९३२ च्या आगेमागे. आधार कार्डावर १ जानेवारी आहे, तिच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा असतो तसा.

घर लोणंद-फलटण रस्त्याला, तरडगावच्या अलीकडे. माउलींची पालखी दारावरून जाते. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आम्ही पोरं घरून चालत जाऊन बघायचो. आजी मात्र रिंगणाला कधी आली नाही. त्या दिवशी तिची चूल बंद होत नसे. पंढरपूरला ती आयुष्यात दोनदा गेली, तेही एसटीने. "पांडुरंग दरसाली दारावनं जातोय, मी कशाला घर उघडं टाकू?"

शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, अंगठाच लावायची. पण हात विलक्षण. उन्हाळ्यात वाकळा शिवायची, आमच्याही आणि गावाच्याही. जुनी इरकली लुगडी वर-खाली, आत आजोबांची विरलेली धोतरं, परकर, आमचे उसवलेले सदरे. सारवलेल्या अंगणात सगळं एकावर एक पसरून कडेने दगड ठेवायचे, आणि मग चार बाजूंना चार बाया बसायच्या. कडेकडेने धावदोरा घालत चौकोन आत आत यायचा. टाका तांदळाएवढा. मोठा पडला की उसवायला लावायची, शेजारणीलासुद्धा! सुईत दोरा ओवायचं काम नातवंडांचं. शेवटी अगदी मधे खणाचा एक तुकडा लावायची. "वाकळंचं प्वाट उपाशी ठिवू नये."

कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे, ११ डिसेंबर १९६७ ला, ती दळत होती. चार वाजून गेले होते. जात्याचा खुंटा हातात थरथरला तेव्हा तिला वाटलं जातंच फुटलं. ती उठून पळाली नाही. आधी पीठ भरून घेतलं. ७२ च्या दुष्काळात आजोबांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, सुकडी आणि मिलोची लाल भाकरी खाऊन. डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते वाकडंच आलं. सात बाळंतपणं, पाच लेकरं जगली.

आता मुद्दा. तिच्या ट्रंकेत उशीचे तीन अभ्रे निघाले, कापसाच्या वातींनी ठासून भरलेले. हाताने वळलेल्या, एकसारख्या, करंगळीएवढ्या. आणि डालड्याचा जुना डबा, त्यात चिंचोके. मोजले. ६१२.

काकू म्हणते लाख वातींचा नवस असणार आणि तो अर्धवट राहिलाय, म्हणून वर्षश्राद्धाच्या आत पुरा करायला हवा. आई म्हणते कसला नवस, आम्हाला कधी बोलल्या नाहीत. एक चिंचोका म्हणजे किती वाती? शंभर? राहिल्या किती? आणि दुसऱ्याचं व्रत आपण पुरं करायचं असतं का? जाणकारांनी सांगावं.

---

फुलवात

जात्याचा प्रसंग वाचून काटा आला. आधी पीठ भरून घेतलं, बाई गं!

लक्षवातीचं व्रत आमच्या आईने केलं होतं. चातुर्मासात वाती करायच्या, मग देवापुढे लावायच्या आणि उद्यापन. लक्ष तुळस, लक्ष बेल, लक्ष दूर्वा वाहतात तसंच हे. मोजायला प्रत्येकीची रीत वेगळी. आईने भिंतीवर कोळशाच्या रेघा मारल्या होत्या, रंगारी आला आणि एका दुपारीत सगळं पुण्य चुन्याखाली गेलं. नंतर ती अंदाजाने करत राहिली. लाखाच्या वर झाल्या तर काही बिघडत नाही म्हणायची.

---

तर्कट

धागाकर्तीच्या भावनांचा आदर ठेवून. एका वातीला एक ग्रॅम तेल धरा, लाख वातींना शंभर किलो तेल झालं. एवढं जाळण्यापेक्षा वाती देवळात देऊन मोकळे व्हा. आजींच्या नावाने शंभर किलो तेल गावातल्या गरजूंना वाटा, त्या खूश होतील.

---

सरकी

@तर्कट, तेलाचा हिशेब कुणी विचारला नव्हता. :)

तिन्हीसांज, वाती नीट बघ. आमच्याकडे वर्ध्याला परसात देवकापसाचं झाड असायचं. ते वर्षानुवर्षं टिकतं, दरवर्षी लावावं लागत नाही. आजी बोंडं वेचून सरकी बोटांनीच काढायची, मग पिंजायची. बोटं निसटू नयेत म्हणून चिमूटभर राख घ्यायची आणि मांडीवर वळायची. त्या वाती जरा पिवळसर दिसतात आणि आत कुठे कुठे सरकीचं टरफल राहतं. बाजारच्या कापसाच्या असतील तर पांढऱ्या फेक.

---

तिन्हीसांज

@सरकी, पिवळसरच आहेत! विहिरीजवळ झाड होतं, रस्ता रुंद करताना गेलं. टरफलंही सापडली. म्हणजे अगदी जुन्या वाती त्या झाडाच्या असणार. वरच्या थरातल्या पांढऱ्या आहेत.

@फुलवात, चुन्याखाली गेलेलं पुण्य. हे आईला वाचून दाखवलं, बऱ्याच दिवसांनी हसली.

---

मोजपट्टी

हे कोडं सोडवायला सोपं आहे. सगळ्या वाती मोजत बसू नका. २०० मोजा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. मग सगळ्या ढिगाचं वजन करून त्रैराशिक मांडा. बँकेत नाणी अशीच मोजायचो आम्ही.

---

जुनं_जातं

वाकळेच्या पोटावरून आठवलं. आमची आजी परभणीकडची, तिच्याकडे गोधडीच म्हणत. ती मधल्या तुकड्याखाली चिमूटभर ज्वारी घालून शिवायची. धुताना दाणे फुगायचे, एकदा तर मोड आले होते. आईला वैताग यायचा. आजी म्हणे, गोधडीला पोर झालं.

तुमच्या आजी दळताना ओव्या म्हणत असतील ना? कुणी उतरवून घेतल्या का? आमच्या घरी कुणीच घेतल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. मी एका रात्री ऐकत बसलो, आजीचा आवाज नव्हता पण हेल तोच होता. तुमच्या भागातल्या बायका त्यात सापडतील कदाचित.

---

तिन्हीसांज

नाही उतरवल्या. विजेची गिरणी गावात आली तसं जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्याही. मी कॉलेजात असताना एकदा वही-पेन घेऊन बसले, म्हटलं सांग. ती म्हणाली, "जातं नगं व्हय फिराया? आशी बसून कशी याची?" मी ते हसण्यावारी नेलं. तेव्हा उठून जातं मांडलं असतं तर, असं आता वाटतं. असो.

मोजपट्टी, केलं तसं. २०० वाती १४ ग्रॅम. काटा साधा आहे, ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही. अभ्र्यांचं वजन वजा करून सगळा ढीग २ किलो ९०० ग्रॅम. म्हणजे साधारण ४१ हजार ४०० वाती.

आता एका चिंचोक्याला शंभर धरले तर हव्यात ६१ हजार २००. जुळत नाही. उलटं बघितलं तर चिंचोक्याला ६७-६८ येतात, हा कुठला आकडा?

---

आडवाट

वीस हजार वाती उंदरांनी नेल्या. आमच्या माळ्यावर उंदरांनी अख्खी कापसाची गादी रिकामी केली होती, विनोद नाही हा.

---

फुलवात

शंभर नाही हो, १०८! माळेचे मणी. आजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती का?

---

तिन्हीसांज

होती. गळ्यातली वेगळी आणि जपाची वेगळी. पण १०८ धरले तर अजूनच फरक पडतो. ६१२ गुणिले १०८ म्हणजे ६६ हजार ९६. जवळजवळ २५ हजार वाती गायब. उंदीरसुद्धा दमतील.

काकूचं मत आता असं की तेवढ्या लावून झाल्या असणार, म्हणजे नवस चालूच होता. आई म्हणते रोजच्या दिव्याच्या वाती त्या वेगळ्या करायच्या, जाडसर, देवघराच्या डब्यात. दोघींत सध्या बोलणं कमी आहे. आजी असती तर दोघींना एका वाकळेच्या दोन टोकांना बसवलं असतं.

---

नवगावची

मी इथे फार लिहीत नाही, वाचते. लोद, इस्रायलहून. आमचे पूर्वज अलिबागजवळचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद. तुमच्या तेलवातीच्या गप्पा वाचून राहवलं नाही.

माझी आजी शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत काचेच्या भांड्यात पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात सोडायची. वाती ती गुरुवारी करून ठेवायची. इथे मेणबत्त्या मिळतात, सगळे त्याच लावतात, ती शेवटपर्यंत वातच लावत राहिली. कापूस औषधाच्या दुकानातून आणायची, जखमेला लावतात तो! तो नीट वळत नाही म्हणून दुकानदारावर मराठीतून चिडायची. त्याला वाटायचं आजी आशीर्वाद देतेय.

नवस फेडायला मलिदा करायची. पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुका मेवा आणि फळं, एलियाहू हनाबीच्या नावाने. तिचाही एक मलिदा राहिला होता, नातवाच्या नोकरीचा. ती गेल्यावर मावशीने केला. आम्ही कुणाला विचारलं नाही चालतं का म्हणून. फक्त तुमच्या बाबतीत नवस होता हे तरी नक्की आहे का? मला ते अजून कुठे दिसलं नाही.

---

सरकी

औषधाच्या दुकानातला कापूस! माझ्या सुनेने तोच आणला होता.

आणि शेवटचा प्रश्न बरोबर आहे. लाख हा आकडा फक्त काकूंकडून आलाय.

---

तिन्हीसांज

धागा वर काढतेय, कारण बरंच काही कळलंय.

आत्या आली होती. ती सगळ्यांत थोरली, पंचाहत्तरीची, कराडला असते. तिला हे कुणी विचारलंच नव्हतं, आम्ही आपले दूरच्या लोकांना विचारत बसलो. डबा पाहिल्याबरोबर म्हणाली, "ह्यो तर एकादशीचा डबा."

तिचं म्हणणं असं. आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, पौषात गेले. त्यांच्या दहाव्याला घाटावरून घरी आलो आणि टीव्हीवर भुजच्या भूकंपाची बातमी चालू होती, म्हणून तिला दिवस पक्का आठवतो. म्हणजे २६ जानेवारी २००१. त्यानंतरच्या माघी एकादशीला आजी जपाची माळ घेऊन बसली आणि तिला झोप यायला लागली. आजीला नुसतं बसवत नसे. मग तिने कापूस घेतला. एक वात वळायची, विठ्ठल म्हणायचं, एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की डब्यात चिंचोका. "येका एकादशीला येक माळ. उपासाच्या दिशी भाकरी थापायची न्हाय, मग हात रिकामं कशाला ठिवायचं?" हे आजीचे शब्द, आत्याने सांगितलेले.

म्हणजे १०८ बरोबर. फुलवात, तुम्हाला साष्टांग.

आणि गायब वाती पालखीबरोबर गेल्या! दरसाली पालखी दारावरून जाताना दिंड्यांतल्या बायका पाणी प्यायला थांबतात. आजी त्यातल्या दहाएक जणींना वर्तमानपत्रात बांधलेली एकेक पुडी द्यायची, पुडीत एक माळ वाती. आत्या लोणंदला राहायची तेव्हा पुड्या बांधायला तीच यायची. २०२० आणि २१ ला वारी पायी निघाली नाही, पादुका एसटीने गेल्या, त्या दोन वर्षी पुड्या घरातच राहिल्या. रस्ता रिकामा होता आणि आजी ओट्यावर पुड्या मांडीत घेऊन दुपारपर्यंत बसली होती, हे मात्र आईनेही पाहिलंय. आईला वाटलं होतं पुड्यांत शेंगदाणे आहेत.

---

मोजपट्टी

२००१ ते २०२५ पालख्या पंचवीस, दोन वजा, तेवीस. ६६ हजार ९६ वजा ४१ हजार ४०० म्हणजे २४ हजार ६९६. भागिले १०८, साधारण २२९ पुड्या. भागिले तेवीस, वर्षाला दहा.

तुमच्या आत्याची स्मरणशक्ती आमच्या बँकेपेक्षा चोख आहे.

---

पंचांगी

आता मलाही राहवेना. २००१ ची माघ शुद्ध एकादशी धरून मोजतो. माघ २००१ ते माघ २०२५, चोवीस वर्षांचे २८८ महिने. त्यात अधिक महिने नऊ: २००१, ०४, ०७, १०, १२, १५, १८, २० आणि २३. झाले २९७. माघापासून कार्तिक लागेपर्यंत आणखी नऊ. एकूण ३०६ महिने, महिन्याला दोन, ६१२ एकादश्या. वर कार्तिकी धरली तर ६१३.

डब्यात ६१२ आहेत म्हणालात. आजी कार्तिकीच्या आधी गेल्या का?

---

तिन्हीसांज

नंतर. तिसऱ्या दिवशी. पण कार्तिकीला तिला शुद्ध नव्हती.

मी हे ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन बसले.

पंचवीस वर्षांत मोतिबिंदूची दोन ऑपरेशनं झाली, खुबा मोडला, मोठा काका गेला. एकही चुकवली नाही म्हणजे. सुतकातल्या एकादशीचं काय केलं असेल ते देव जाणे. आम्हाला वाटायचं आजी एकादशीला दुपारी ट्रंकेपाशी जरा आडवी होते.

---

तर्कट

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. तेलाचा हिशेब बरोबरच होता, पण प्रश्न तो नव्हता.

---

जुनं_जातं

लाखाला पोचायला १०८ प्रमाणे ९२६ चिंचोके लागले असते. या गतीने आणखी पावणेतेरा वर्षं, म्हणजे वय १०५-१०६. तेव्हा लाखाचा संकल्प त्यांनी केला असेल असं मला तरी वाटत नाही. पुरं करण्यासारखं काही राहिलंच नाहीये. काकूंना तसं सांगा, पण हळू.

---

आडवाट

उंदरांची जाहीर माफी.

---

तिन्हीसांज

काकूला सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. (आमच्या काकूला सगळंच वाटलेलं असतं.) मग थोड्या वेळाने डबा मांडीवर घेऊन बसली आणि चिंचोके पुन्हा मोजले. ६१२ च आले. आईने चहा करून दिला, दोघींनी एकत्र घेतला. एवढं पुरे सध्या.

एक छोटी गोष्ट राहिली. सगळ्यात तळाच्या वाती, देवकापसाच्या, त्या सुरुवातीच्या असणार असं मी धरून चालले होते. आत्या म्हणाली, पुड्या आजी नेहमी वरून द्यायची, नव्यातल्या. जुन्या हातच्या सुबक होत्या पण "लोकास्नी ताजं द्यावं". शेवटच्या दोन-तीन वर्षांतल्या वाती हाताला लागतात तशा कळतात, एका टोकाला जाड, एका टोकाला सैल. टाका तांदळाएवढा नसला तर उसवायला लावणारी बाई.

उरलेल्या ४१ हजारांच्या ३८३ पुड्या होतात. काकूचं मत, येत्या आषाढात सगळ्या एकदम वाटून टाकाव्यात, पुण्य एका वेळी पदरात. आत्याचं म्हणणं, दरसाली दहा म्हणजे दहाच. तसं केलं तर अडतीस वर्षं पुरतील. रस्ता आता चौपदरी झालाय, दिंड्यांतल्या बायका आमच्या ओट्यापर्यंत येतील की नाही तेही बघावं लागेल. यंदा तरी आई आणि मी दुभाजकापाशी उभ्या राहणार आहोत.

आईला चिंता वेगळीच. अडतीस वर्षं पुड्या बांधायच्या तर वर्तमानपत्र कुठून आणायचं, आपल्याकडे तर आत्ताच बंद केलंय.

---

नवगावची

एक पुडी इकडे पाठवाल का? शुक्रवारच्या दिव्याला. पोस्टेज मी भरते.